जाम झालेल्या इंजिनाला जोर नको, मुदत द्या



आज पिकाचं काही नाही. तीन आठवडे पेजवर काही टाकलं नाही म्हणून दोघातिघांचे फोन आले, तब्येत बरी आहे ना म्हणून. तब्येत झकास आहे. व्हॅनखाली पडून होतो. परवा रविवारी, २ जूनला, तीन वर्षं जाम पडलेली आमची ओम्नी चालू झाली, आणि त्या निमित्ताने मनात जे साचलंय ते लिहितो. लांबलंय, पण मोटार, पंप, पॉवर टिलर, फवारणीचं मशीन असलेल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडं मशीन जाम होतं ते आपण ते नुसतं उभं ठेवतो म्हणून, आणि मोडतं ते आपण सोडवताना घाई करतो म्हणून. गंजाला वेळ दिला की तो बऱ्याचदा सुटतो. आपण वेळ देत नाही, पाईप लावतो.

आता गाडीची हकीकत. व्हॅन २०१३ ला घेतलेली. त्या साली कांद्याने हात दिला होता. आमच्या जुन्नर भागात कोथिंबीर-मेथीच्या जुड्या संध्याकाळी नारायणगावच्या बाजारात न्यायच्या असतात. मागची सीट काढली की व्हॅनमध्ये हजारभर जुड्या बसतात, आणि दुसऱ्याच्या टेंपोची वाट बघत माल सुकत नाही. वडिलांना दवाखान्यात नेलं ते याच गाडीत, मुलीला बारावीच्या परीक्षेला सोडलं तेही याच गाडीत. २०२१ च्या पावसाळ्यात रेडिएटरचं पाणी कमी व्हायला लागलं. दर दोन दिवसांनी लिटरभर घालायचो. गळती कुठं दिसेना. म्हटलं, पाऊस उघडला की दाखवू. गाडी गोठ्याच्या पडवीत उभी केली, वर ताडपत्री टाकली. पाऊस उघडला, मग कांदा लागवड आली, मग सौ.चं ऑपरेशन झालं, मग पोरगं चाकणला नोकरीला लागलं. बघता बघता तीन पावसाळे गेले. यात दोष कुणाचा नाही, माझाच आहे. गाडीनं पाण्याचं दुखणं मला आधीच सांगितलं होतं.

तीन वर्षं माल दुसऱ्याच्या टेंपोत टाकतोय. एका खेपेला पाचशे रुपये. मागच्या वर्षी मी चाळीस खेपा मोजल्या, म्हणजे वीस हजार रुपये. त्यातल्या चार वेळा टेंपो उशिरा आला आणि लिलाव सरत आल्यावर कोथिंबीर पोचली. त्या चार वेळचं नुकसान वेगळं.

या उन्हाळ्यात ठरवलं, आता बघायचंच. बॅटरी पार मेलेली. ट्रॅक्टरची बॅटरी लावून चावी फिरवली. 'टक्' एवढाच आवाज. परत फिरवली, परत टक्. सेल्फ जोर मारतोय पण इंजिन हलत नाही. पुतण्या म्हणाला, "तात्या, ट्रॅक्टरला बांधू, टॉप गिअरला टाकू आणि ओढू. एका झटक्यात सुटंल." गॅरेजवाला घरी येऊन बघून गेला. हाफ इंजिन काम करावं लागेल, ३८ हजार, तेही उघडल्यावर वाढलं तर वाढलं. भंगारवाल्याला कुठून वास लागला कोण जाणे, तो २२ हजार रोख द्यायला तयार. सौ. म्हणाल्या, "अहो, देऊन टाका ना. निदान पडवी तरी मोकळी होईल."

खरं सांगतो, मीही देऊनच टाकणार होतो. थांबवलं ते आमच्या गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी. चाळीस वर्षं त्यांनी डिझेल इंजिनांची कामं केलेली, आता हात थरथरतो म्हणून बंद आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "चालता चालता जाम झालं, की उभं राहून?"

मंडळी, या प्रश्नात सगळं आहे. नीट समजून घ्या.

इंजिन चालता चालता जाम झालं असेल, म्हणजे ऑईल संपलं, पाणी संपून तापलं आणि कर्रकन बंद पडलं, तर आत धातूला धातू घासून चिकटलेला असतो. बेअरिंग गेलेली असतात, पिस्टनने बोअर ओरबाडलेला असतो. तिथं तेल घालून वाट बघण्यात अर्थ नाही. ते इंजिन उघडावंच लागतं.

पण चालू स्थितीत उभं केलेलं इंजिन पडून पडून जाम झालं असेल तर बहुतेक वेळा आतमध्ये फक्त गंज असतो. इंजिन थांबतं तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरची झडप उघडी राहते. तिथून ओलसर हवा आत जाते. बोअर बिडाचा, पिस्टनच्या रिंगा लोखंडाच्या. दोघांना मिळून गंज चढतो. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणजे तो फुगतो आणि पाचरीसारखा फटीत बसतो. नट-बोल्टचंही तेच होतं. आपण म्हणतो नट घट्ट झाला. तो घट्ट केलेला नसतो, त्याच्या आट्यांत गंजाची पाचर बसलेली असते. पाचर बसलेली असताना नुसता जोर लावला तर जे कमजोर असेल ते आधी मोडतं. बऱ्याचदा तो बोल्टच असतो.

मिस्त्री म्हणाले, "तेल पाज आणि विसरून जा. रोज सकाळ-संध्याकाळ बघ. पाईपला हात लावू नको."

अक्षय तृतीया शुक्रवारी झाली, दुसऱ्या दिवशी, ११ मेला सुरुवात केली. वहीत रोजचं लिहिलंय त्यावरून सांगतो.

पहिल्या दिवशी बॅटरीची वायर काढली. टाकीतलं तीन वर्षांचं पेट्रोल काढलं, त्याचा वास रंगाच्या डब्यासारखा येत होता. चाकांना पुढून-मागून दगड लावले. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलली की प्लग दिसतात. तिन्ही प्लग काढले. प्लगसुद्धा लगेच नाही काढले. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. आधी बुडाशी तेल सोडून तासभर थांबलो, मग थोडा सैल, थोडा परत आवळ, असं करत काढले. प्लगच्या भोकातले आटे गेले की खर्च वाढलाच. पुतण्याने मोबाइलला लागणारा वायरचा कॅमेरा आणला, तो भोकातून आत सोडला. दोन सिलिंडर बरे होते. तिसऱ्यात विटकरी रंगाचा थर, आणि पिस्टनवर पाणी सुकल्याचे डाग. म्हणजे रेडिएटरचं हरवलेलं पाणी कुठं जात होतं ते कळलं. हेडची गॅस्केट गेली होती.

मग पाजायचं तेल. पॉवर स्टीअरिंगमध्ये जे लाल ऑईल घालतात ते आणि डिझेल, निम्मं निम्मं. प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण अर्धी वाटी. भोकांवर स्वच्छ फडकी कोंबली आणि सीट खाली पाडून टाकली. नट-बोल्टसाठी वेगळं केलं. त्याच लाल ऑईलमध्ये निम्मं ॲसिटोन. हे दोन्ही नीट मिसळत नाहीत, दर वेळी बाटली हलवून मगच सोडायचं. ॲसिटोन बारीक फटीत शिरतं, तेलाला आत नेतं आणि उडून जातं. पण ते पेट्रोलइतकंच पेट घेतं. बिडी-काडी, वेल्डिंग, चालू मोटार जवळ नको. बंद खोलीत तर अजिबात नको.

१२ ला तिसऱ्या सिलिंडरमधलं तेल कमी झालेलं दिसलं. म्हणजे रिंगांजवळून खाली झिरपतंय. बरं लक्षण. परत घातलं.

१३ ला मतदान होतं. मतदान करून आलो आणि क्रँकच्या पुलीच्या बोल्टला गोटी लावून फूट-दीड फुटाच्या दांड्याने नुसता ताण देऊन बघितला. हललं नाही. सोडून दिलं.

१४ आणि १५ ला तसंच. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. तेल बघायचं, ताण द्यायचा, सोडायचा. बाकी दिवस शेतातलं काम चालूच.

१५ ला संध्याकाळी पुतण्या सहा फुटी पाईप घेऊन आला. इथं आमची वाजली. तो म्हणाला, "तात्या, असं गोंजारून कुठं इंजिन सुटतं का?" मी म्हटलं, "सहा फुटी पाईप लावलास तर हाताला काय कळणार? इंजिन फिरतंय का बोल्ट पिळतोय, दोन्ही सारखंच लागंल." क्रँकचा बोल्ट आत तुटला तर इंजिन खाली उतरवण्यावाचून गत नाही. तो रागावून गेला. दोन दिवस फिरकला नाही.

१७ ला सकाळी ताण दिला तेव्हा बोल्ट किंचित गेला. बोटाच्या पेरापेक्षा कमी. आधी वाटलं बोल्टच सैल झाला. खडूने पुलीवर आणि शेजारच्या पत्र्यावर रेघ मारली, परत ताण दिला. पुलीची रेघ सरकली होती. मंडळी, तो सरकलेला खडू बघून जे वाटलं ते पहिल्या पावसाला वाटतं तसं.

पण इथंच बहुतेक जण चुकतात. सुटलं म्हणून जोरात फिरवायला जातात. मी फिरवलं नाही. जेवढं पुढं गेलं तेवढंच मागं आणलं, परत पुढं. मागं आणताना हात हलका, कारण उलट्या दिशेने तो बोल्ट सैल होऊ शकतो आणि टायमिंगचा पट्टाही सरकू शकतो. पुढं-मागं, पुढं-मागं, आणि परत तेल. गंजाचा चुरा तेलात मिसळून निघायला वाट मिळाली पाहिजे, नाहीतर तो रिंगेत अडकून बोअरला चरे पाडतो. वरचं झाकण काढून झडपा हलतात का तेही बघितलं. झडप गंजून उघडी अडकली असेल आणि आपण तसंच फिरवलं तर ती वाकण्याची भीती असते. आमच्या झडपा हलत होत्या. २० तारखेला इंजिन पूर्ण एक फेरा फिरलं. पुतण्याला फोन करून बोलावलं आणि दांडा त्याच्याच हातात दिला.

यानंतरची एक गोष्ट जिवाशी गाठ असलेली आहे. सिलिंडरमध्ये तेल असताना प्लग लावून सेल्फ मारू नका. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पिस्टन वर येऊन तेलावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एवढे दिवस वाचवलेलं इंजिन एका सेकंदात जातं. म्हणून प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ मारायचा, इग्निशनची कॉईल सोडवून आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, म्हणजे ठिणगी पण नाही आणि पेट्रोल पण नाही. भोकांवर फडकं टाकायचं आणि तोंड लांब ठेवायचं. आमच्याकडं तांबडं तेल पडवीच्या पत्र्यापर्यंत उडालं. सगळं निघालं की खालच्या चेंबरमधलं ऑईल आणि फिल्टर बदलायचा, कारण पाजलेलं बरंचसं तेल डिझेलसकट तिथं उतरलेलं असतं. काढलेलं ऑईल डब्यात भरून ठेवा. बांधाला, ओढ्याला ओतू नका. ते आपल्याच विहिरीत उतरतं.

आता माझी चूक, लपवत नाही.

गॅस्केट गेलेली म्हणजे हेड काढणं आलं. हेड काढायचं तर सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डचे नट सोडणं आलं. तापून, भिजून, गंजून कुठल्याही गाडीत ते सगळ्यात वाईट झालेले असतात. सहा दिवस मी धीर धरला होता, पण इंजिन सुटल्याच्या आनंदात डोकं फिरलं. त्या दिवशी आभाळ पण भरून आलं होतं. नटांना तेल सोडलं आणि तासाभरातच पाना लावला. पहिले दोन सुटले. तिसऱ्याला लागला नेट, मी पान्याला पाईप लावला, आणि गाजर मोडावं तसा स्टड हेडजवळून मोडला. पाच दिवसांपूर्वी पुतण्याला ज्यावरून बोललो तेच मी केलं. तो शेजारी उभा होता. काही बोलला नाही, पण हसला.

बाकीच्यांना मग व्हायला हवं होतं तसं केलं. ते सांगतो.

एक, रोज तेल, तीन दिवस. दोन, सहा कोनी गोटी वापरायची. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते, आणि कोपरे गेले की पाना धरत नाही. तीन, नटावर हातोडीने हलके ठोके, तुटेल असे नाही, नुसती थरथर जाईल असे. त्याने गंजाला चिरा पडतात आणि तेल आत जातं. चार, सोडायच्या आधी अगदी किंचित आवळायचं. 'कट्' असा आवाज आला की पकड सुटली. पाच, एकदा हलला की सरळ काढत सुटायचं नाही. पाव फेरा मागं, अर्धा पाव पुढं, तेल, परत.

तरी न सुटणाऱ्याला उष्णता. नट तापवायचा, स्टड नाही. नट तापला की पसरतो आणि आटे सैल होतात. गरम असताना मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. हा उपाय मिस्त्रींचा, आणि खरंच लागू पडला. पण आग लावण्याआधी तेल-ॲसिटोन पूर्ण पुसलेलं आणि सुकलेलं पाहिजे, पेट्रोलची टाकी-नळी लांब पाहिजे, बाजूला वाळूची बादली पाहिजे. माझी गाडीजवळ आग धरायची हिंमत झाली नाही. सुटणारे तेवढे मी सोडवले, आणि राहिलेला एक नट सुटा करायला मॅनिफोल्डसकट हेड काढून लेथवाल्याकडं नेलं. मोडलेल्या स्टडवर त्याने नट ठेवून वेल्डिंग केलं. वेल्डिंगच्या तापाने आजूबाजूचं ॲल्युमिनियम पसरलं, ते लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट पसरतं, आणि थोडं गार झाल्यावर तो तुकडा पान्याने सहज फिरून बाहेर आला. मी घरी ड्रिल मारत बसलो असतो तर भोक वाकडं जाऊन हेड वाया गेलं असतं. आपला हात कुठं थांबवायचा हेही कळलं पाहिजे.

हेड तिथंच फेस करून घेतलं, झडपा बसवून घेतल्या. टायमिंगचा पट्टा आणि हेडची जोडणी मी केली नाही. त्याला एक मेकॅनिक दिवसभर घरी बोलावला. त्याच्या हाताखाली आम्ही दोघं होतो.

खर्च सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. पाजायचं तेल, ॲसिटोन, फडकी ६०० रुपये. गॅस्केट सेट, पट्टा, प्लग ३१००. लेथचं काम १८००. मेकॅनिकची मजुरी २५००. ऑईल आणि फिल्टर १४००. नवी बॅटरी ३६००. एकूण १३ हजार. बॅटरी तर कुठल्याही मार्गाने घ्यावीच लागली असती.

गाडी नव्यासारखी झाली असं म्हणणार नाही. पहिली दहा मिनिटं पांढरा-निळा धूर एवढा निघाला की शेजारचे आबा काय पेटलं बघायला आले. आता धूर नाही, पण तिसरा सिलिंडर इतर दोघांपेक्षा थोडा कमजोर आहे, चढाला कळतं. हँडब्रेक ओढून उभी केलेली असल्याने मागच्या ड्रमला लायनर चिकटले होते, तेही सोडवून साफ करावे लागले. इन्शुरन्स आणि पीयूसी काढून घेतली, मगच रस्त्यावर काढली. काल संध्याकाळी पहिली खेप नारायणगावला गेली, सहाशे जुड्या. वेळेवर.

आता यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे.

पहिलं, "तात्या, तुमच्या वेळेला किंमत नाही का?" आहे. म्हणूनच हिशेब मांडला. इंजिन सुटेपर्यंत रोज वीस मिनिटं गेली, बाकी काम तेलाने केलं. पुढचे पाच-सहा दिवस मात्र पूर्ण गेले, ते धरा. तरी ३८ हजार आणि १३ हजार यातला फरक एवढ्या दिवसांत मला दुसऱ्या कुठल्या कामाने मिळाला नसता. गॅरेजवाल्यावर माझा राग नाही. त्याच्याकडं दहा गाड्या रांगेत, तो एका इंजिनापाशी सात दिवस बसून राहू शकत नाही, म्हणून तो उघडून बदलतो. त्याला परवडत नाही ती एकच गोष्ट, म्हणजे वाट बघणं, ती मे महिन्यात आपल्याला परवडते.

दुसरं, "ओढून चालू झालेल्या गाड्या आम्ही पाहिल्यात." मीही पाहिल्यात. पण ओढून चरे पडलेले बोअर, वाकलेले रॉड आपण पाहत नाही, कारण ते भंगारात जातात आणि त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

तिसरं, "हे सगळ्यांनी घरी करावं का?" नाही. चालता चालता जाम झालेलं इंजिन, ब्रेकची कामं माहीत नसतील ती, टायमिंग, आगीचं काम, हे जाणकारावर सोडा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जाऊ नका. जॅक उचलायला असतो, तोलून धरायला नाही. खाली घोड्या किंवा भरभक्कम लाकडी ओंडके लावा.

आता थोडं कृषी खात्यातल्या आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या मित्रांसाठी, कारण तुमच्यातले बरेच जण हे पेज वाचता. यांत्रिकीकरणाच्या योजनेतून अवजारं मिळतात, महाडीबीटीवर अर्ज होतात, चांगलं आहे. पण मशीन हंगाम संपल्यावर कसं ठेवायचं याचं प्रशिक्षण आमच्या गावात मी तरी आजवर पाहिलं नाही. मेळाव्यात नवं मशीन चालवून दाखवतात. कुणीतरी एकदा मशीन बंद करून दाखवा. आमच्या शिवारात फेरी मारली तर गोठ्याच्या मागं जाम झालेले पॉवर टिलर, फवारणीचे पंप, जुनी डिझेल इंजिनं दिसतील. यातली किती नुसती पडून गेली आणि किती खरंच झिजून गेली, हे एकदा तुमच्या विद्यार्थ्यांना मोजायला लावा. माझा अंदाज आहे, आकडा आपल्याला शरम आणेल.

आणि आपल्यासाठी, पाऊस तोंडावर आलाय म्हणून. जे मशीन आता चार महिने लागणार नाही त्याचं पेट्रोल काढून टाका. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑईल सोडा, दोरीने हळूच दोनदा फिरवा, प्लग लावून टाका. डिझेल इंजिन असेल तर पंधरा दिवसांनी हँडलने चार फेरे द्या, किंवा पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. दोन मिनिटं चालवून बंद करू नका, त्याने आत उलट ओलावा धरतो. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला. उघड्या नट-बोल्टला ग्रीस फासा. गाडी असेल तर हँडब्रेक न ओढता चाकाला दगड लावून उभी करा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी ते २०२१ मध्ये केलं नाही, आणि गाडी पाणी पितेय हे दिसत असून दाखवली नाही, त्याची किंमत वर लिहिली आहे.

पडवी आता मोकळी झालीय. सौ.नी तिथं लगेच वैरण रचली. पुतण्याने त्याच्या मामाचा चार वर्षं जाम पडलेला पॉवर टिलर आणलाय, प्लग काढून लाल तेल घातलंय, आणि आज तिसरा दिवस आहे. अजून हललेला नाही. सहा फुटी पाईप गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवलाय.

कुणी जाम इंजिन सोडवलं असेल, किंवा सोडवताना मोडलं असेल, तर खाली लिहा. मोडलेल्याचं आधी लिहा. त्यातून जास्त शिकायला मिळतं.